गिरणीवरची हिशेबवाली

"आधी खरं सांगा, मग बसा."

सानपाड्यात त्या बाईच्या ऑफिसात शिरलं की हे पहिलं वाक्य. या नाही, पाणी नाही, कोण तुम्ही नाही. समोर एकच खुर्ची आणि त्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा. माणूस खरं बोलतोय असं वाटलं की ती गठ्ठा उचलून खाली ठेवायची. नाही वाटलं तर गठ्ठा तिथंच आणि माणूस उभा. चांगले गाडीतून उतरणारे दुकानदार मी तिथं उभे राहिलेले बघितलेत. एक टाइल्सवाला पाऊण तास उभा होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, पाय दुखायला लागले."

"मग गोडाऊन दोन आहेत म्हणा ना, शेठ."

"दोन आहेत."

गठ्ठा खाली आला.

अशी बाई तुमच्याही बघण्यात असेल. शाळेत असेल, रेशनच्या दुकानात असेल, हॉस्पिटलच्या खिडकीत असेल. लोक पाठीमागं शिव्या घालतात आणि काम अडलं की तिच्याकडंच जातात. हिचं नाव मी इथं लिहीत नाही. बोर्डावरसुद्धा तिनं नाव लिहिलं नव्हतं. "हिशेब व कर" एवढंच, आणि खाली बाण, वर जाणारा.

खाली पिठाची गिरणी, वर माळा, माळ्यावर तिचं ऑफिस. लोखंडी जिना इतका उभा की चढताना समोरच्याच्या टाचा नाकाला लागायच्या. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि सगळ्या कागदांवर पांढरा थर बसायचा. फाइल उघडायच्या आधी ती दोनदा टेबलावर आपटायची. पीठ उडायचं, मग अक्षरं दिसायची. सरकारकडं गेलेल्या तिच्या सगळ्या कागदांना गव्हाचा वास येत असणार.

आता मी तिच्याकडं का गेलो ते सांगतो. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

माझा धंदा जादूचा. वाढदिवस, बारसं, सोसायटीचा गणपती, कंपनीची पूजा, मॉलमधला कार्यक्रम, कुणीही बोलवा. मूळचा मी साताऱ्याकडचा. इकडं वाशीच्या बाजारात हमाली करायला आलो, पाठ गेली, मग एका म्हाताऱ्या जादूगाराच्या हाताखाली राहून हे शिकलो. बायको पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. शिरवण्याला भाड्याच्या दोन खोल्या. एका खोलीत आम्ही, दुसरीत सामान.

बँकेचं काम तिच्या नावावर. कारण माझी सही दर वेळी वेगळी येते. बँकेनं माझा चेक दोनदा परत केला तेव्हा मी म्हटलं, मरू दे. तिची सही पाटीवर गिरवल्यासारखी, शंभर वेळा केली तरी तशीच. म्हणून लोक पैसे द्यायचे ते तिच्या खात्यावर.

मध्ये दोन वर्षं धंदा बरा झाला. पावणे गावच्या कारखान्यांत पूजेचे कार्यक्रम मिळाले, मॉलवाल्यांनी बोलावलं. ही मोठी माणसं पैसे देताना कर कापूनच देतात. पावण्यालाच एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून एक जण बसायचा. तो म्हणाला, "काका, कापलेला सगळा पैसा परत आणून देतो. माझे पंधरा टक्के." मला काय, गोड वाटलं. त्यानं बायकोच्या नावानं रिटर्न भरला. त्यात घराचं कर्ज दाखवलं, कुठल्या तरी ट्रस्टला देणगी दाखवली. पैसे आले.

बायको म्हणाली, "आवं, आपन देनगी कवा दिली?"

"गप."

"आन घराचं कर्ज कुनाचं? आपलं घर भाड्याचं हाय की."

"त्याला कळतं का तुला कळतं? फोनवर नंबर आलाय तो सांग त्याला."

तिनं नंबर सांगितला. पुढच्या वर्षीही सांगितला. मी सांगितलं म्हणून सांगितला. हे मी आज लिहितोय, तेव्हा कबूल करायला फार दिवस लागले.

मग ती गेली. मोठा आजार नव्हता. अकरा दिवस तापली आणि गेली. तिचा मोबाईल मी बंद केला नाही, रोज चार्ज करायचो. का ते विचारू नका. सात-आठ महिन्यांनी त्यावर मेसेज आला. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला. आयकर खात्याचा, तिच्या नावानं. तुम्ही दाखवलेली देणगी आणि कर्ज खोटं दिसतंय, पुरावा द्या नाहीतर सुधारणा करा.

जी बाई भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला उन्हात परत गेली, तिच्या नावासमोर खोटं हा शब्द. आणि तो लिहायला लावणारा मी.

पावण्याच्या त्या माणसाकडं गेलो. तो हसला. "काकी गेल्या ना? मग झालंच काम. लिहून द्या, सगळं बायको बघायची, मला काही माहीत नाही. मेलेल्या माणसाला कोण पकडणार?"

त्याच्या कानाखाली वाजवायला पाहिजे होती. वाजवली नाही. मग वाशीला एका मोठ्या ऑफिसात गेलो. थंडगार खोली, टाय घातलेला मुलगा. त्यानं पंचवीस हजार सांगितले आणि तीच गोष्ट जरा बऱ्या भाषेत सांगितली. दोन माणसं एकच सांगतात म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, की असंच करतात बहुतेक.

सानपाड्याच्या एका सोसायटीत मी दरवर्षी गणपतीत कार्यक्रम करायचो. तिथल्या खजिनदाराला विचारलं, विश्वासाचा कुणी माणूस आहे का? तो म्हणाला, "माणूस नाही, बाई आहे. जीव खाते. आमचा हिशेब चार महिने घोळवला. पण खोटं लिहीत नाही, लिहू देत नाही. बघा, झेपतंय का."

असा मी त्या जिन्यानं वर गेलो.

पन्नाशी ओलांडलेली बाई. डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात हिरवं पेन. मान वर न करता म्हणाली, "आधी खरं सांगा, मग बसा."

मी पाठ करून आलेलं म्हटलं. "रिटर्न बायकोच्या नावावर आहे. सगळं तीच बघायची. मला काही माहीत नाही."

"मग त्यांना घेऊन या."

"ती वारली."

आता तिनं मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली. गिरणी चालू होती, टेबल थरथरत होतं. म्हणाली, "काका, त्या इथं येऊन बोलू शकत नाहीत ना? मग त्यांच्या वाट्याचं तुम्ही बोलू नका. तुमच्या वाट्याचं असेल तर सांगा."

मला राग आला. जिना उतरून खाली आलो. गिरणीवाला म्हणाला, "काका, दळण कुठंय?" म्हटलं, "माझंच काढतायत वर." तो म्हणाला, "मग परत जा. अर्धं दळलेलं कोण नेतं?"

तिथं पिठाच्या डब्यांशेजारी मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. परत वर गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. झेरॉक्सवाला, पंधरा टक्के, देणगी, फोनवरचा नंबर, बायकोला गप म्हटलेलं.  संपल्यावर तिनं गठ्ठा उचलून खाली ठेवला, ओढणीच्या टोकानं खुर्चीवरचं पीठ झटकलं.

मी बसलो. तिनं कोरा कागद घेतला.

"बाईंचं नाव सांगा. पूर्ण."

तेव्हापासून चार महिने मी दर आठवड्याला त्या माळ्यावर जायचो. हळूहळू बाई कळत गेली. थोडी तिच्याकडून, बरीचशी गिरणीवाल्याकडून. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावातली मुसलमान. बापाची थोडी भाताची शेती, थोडी मासळी. पनवेलला रोज येऊन-जाऊन कॉमर्स शिकली. वीस वर्षं बाजारात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला होती. त्या व्यापाऱ्यानं एक दिवस दुसरी वही आणून ठेवली आणि म्हणाला, आजपासून खऱ्याची वेगळी. हिनं पेन टेबलावर ठेवलं आणि पायात चपला घातल्या. दिवाळीचा बोनस आठ दिवसांवर होता, तोही घ्यायला गेली नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही हे गिरणीवाल्यालाही माहीत नव्हतं, म्हणजे कुणालाच माहीत नसणार. आई गावाला. दर शनिवारी ही गावाला जायची, सोमवारी यायची.

हसायची नाही. म्हणजे फार नाही. एकदा वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी तिच्या कानामागून पाच रुपयांचं नाणं काढलं. पोरंबाळं यावर उड्या मारतात. ती नाण्याकडं बघून म्हणाली, "पावती आहे?"

खर्चाची यादी करायला बसलो तेव्हा तर मजाच. झेरॉक्सवाल्यानं माझा खरा खर्च कधी विचारलाच नव्हता. त्याला नसलेलं कर्ज दाखवायचं होतं, असलेला टेम्पो नाही. ही एकेक विचारायची.

"रुमाल?"

"रेशमी, बारा."

"किती दिवस टिकतात?"

"पोरांनी ओढले नाहीत तर दोन वर्षं."

"टेम्पोभाडं?"

"आहे. डायरीत आहे. बायकोच्या."

"ससा?"

"एक."

"घेतला केव्हा?"

"मागच्याच्या मागच्या दिवाळीत."

"आता आहे का?"

"तो नाही. त्याच्यानंतर दोन झाले."

तिनं पेन खाली ठेवलं. "काका, मशीन असतं तर दरवर्षी थोडी थोडी किंमत कमी करत गेले असते. आता सशाचं काय करू? दर वर्षी थोडा थोडा ससा कमी करू?"

"गाजरं लिहा की."

"गाजरांचं लिहिते." आणि खाली मान घालून लिहायला लागली. खांदे हलत होते. ती हसत होती हे मला नंतर कळलं.

मी तिला बाई म्हणायचो. तिला ते पटायचं नाही. "बाई बाई काय लावलंय? मी काय शाळेत शिकवते?"

"मग काय म्हणू?"

"मॅडम म्हणतात सगळे."

"ते माझ्या तोंडात बसत नाही."

"मग म्हणा बाई. बायकोलाही बाईच म्हणायचात?"

"तिला काहीच म्हणायचो नाही. ए म्हटलं की यायची."

 त्या दिवसापासून माझ्या बायकोचा उल्लेख ती पूर्ण नावानं करायला लागली. माझ्यासमोर माझ्या बायकोचं पूर्ण नाव दुसरं कुणी कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायकोचं नाव कोण घेतं?

खोटं तर काढायचंच होतं. देणगी काढली, कर्ज काढलं, परत करायचे पैसे आणि त्यावरचं व्याज मांडलं. मला वाटलं झालं. पण बाई म्हणाली, "अजून एक आहे, काका. धुवायचंच आहे तर सगळं धुवू. हे पैसे त्यांच्या खात्यावर आले. पण कार्यक्रम कोण करायचं?"

"मी."

"मग कमाई तुमची. त्यांच्या नावावर दाखवली हेही खोटंच. सगळी तुमच्या नावावर घ्यावी लागेल."

"घ्या."

"मग त्यांच्या कागदावर काय लिहू? काही करत नव्हत्या?"

 मृत्यूच्या दाखल्यावरही गृहिणी लिहिलंय. तेव्हा मीच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "कायदा एवढंच विचारतो, की त्या बाईला स्वतःचं काही काम येत होतं, की नवऱ्यानं नुसतं नाव वापरलं. काम येत असेल, ती करत असेल, तर तिचा वाटा तिचा. मला सांगा. येत होतं काही?"

आमच्या धंद्यात एक गोष्ट कुणाला सांगायची नसते. ज्याच्याकडं मी शिकलो त्या म्हाताऱ्यानं मला शपथ घातली होती. भावाला सांगितलं नाही, दारू पिऊन सांगितलं नाही. त्या दिवशी म्हटलं, "बाई, सांगून नाही कळायचं. घरी यावं लागेल."

ती कुणाच्या घरी जात नव्हती. तरी रविवारी सकाळी आली, रिक्षा करून, शिरवण्याला. त्या शनिवारी गावालाही गेली नव्हती. मी सवयीनं चहा टाकला. बायको गेल्यापासून माझा चहा कधी पाणी होतो, कधी काढा. कप पुढं केला तर म्हणाली, "रोजा आहे, काका." मला लाज वाटली, कॅलेंडर समोर लटकत होतं. मग मीही घेतला नाही. दोघांच्या मध्ये दोन कप गार होत राहिले.

दुसऱ्या खोलीतून मी पेटी ओढून आणली. माझ्या कार्यक्रमाचा शेवट या पेटीनं व्हायचा. बायको आत बसायची, मी झाकण लावायचो, आणि चारी बाजूंनी बारा तलवारी आरपार घालायचो. लोक ओरडायचे. तलवारी काढल्या की ती बाहेर यायची, साडीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. टाळ्या.

"आता यात जादू काय आहे ते सांगतो," मी म्हटलं. "काही नाही. चोरकप्पा नाही, आरसा नाही. तलवारी खऱ्या पत्र्याच्या. भोकं बारा. पहिली तलवार आली की तिनं डावा गुडघा छातीला लावायचा. दुसरीला मान. चौथीला सगळी कंबर वळवायची. एक चुकलं की लागणार. अंधारात, माझ्या पावलांचा आवाज मोजून ती वळायची. साठी उलटल्यावरही करायची. गुडघे गेले होते. घरी आल्यावर मी तेल लावून द्यायचो."

बाईनं चष्मा लावला. पेटीत वाकून बघितलं. आत बायकोनं जुन्या लुगड्याची गोधडी शिवून बसवली होती, टोचू नये म्हणून. बाईनं एका भोकातून बोट आत घातलं. मग म्हणाली, "म्हणजे काम त्यांनी केलं आणि वाकून नमस्कार तुम्ही केला."

"हो."

"चाळीस वर्षं."

"हो."

तिनं आतली गोधडी हातानं सारखी केली. मग एकदम ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "पुरावा काय? मला कळलं, खात्याला कसं कळणार? फोटो काढा."

फोटो भरपूर. पिशवीभर. मी पलंगावर पसरले. आणि एकेक बघायला लागलो. प्रत्येक फोटोत मी. पगडी घातलेला मी, तलवार धरलेला मी, यजमानाबरोबर मी. बाजूला पेटी. लोक फोटो काढायचे ते तलवारी घातल्यावर. तेव्हा ती आत. हँडबिलावर माझं नाव. बॅनरवर माझं नाव. कुठल्याच कागदावर ती नव्हती.

"एवढ्या वर्षांत कुणीच लिहिलं नाही?" बाई म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

पुढचा महिनाभर ती माझ्यापेक्षा जास्त हट्टाला पेटली. बायकोच्या डायरीतून कार्यक्रमांची यादी काढली. सोसायट्यांना फोन केले. सगळे म्हणायचे, हो हो, जादूगार आले होते, बरोबर एक बाई होत्या बहुतेक. "बहुतेक" म्हटलं की ती फोन ठेवायची. मग एक दिवस मला म्हणाली, "पावण्याच्या कारखान्यात गेटवर लिहून घेतात ना? आत येणाऱ्या प्रत्येकाचं?"

गेलो आम्ही दोघं. भर दुपारी, केमिकलच्या वासात. मॅनेजर नाही म्हणाला. जुनी रजिस्टरं दाखवत नाही. बाई म्हणाली, "ठीक आहे, मी बसते." आणि वॉचमनच्या केबिनसमोरच्या बाकड्यावर बसली, फाइल मांडीवर घेऊन दुसऱ्यांची कामं करत. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः बाहेर आला. "मॅडम, नक्की काय पाहिजे?"

"एक ओळ पाहिजे, साहेब. असेल तर. नसेल तर उठते."

रजिस्टर आलं. जाड, तेलकट. पहिल्या वर्षीच्या दसऱ्याचं पान. मला आठवलं, त्या दिवशी मी टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडत मागं राहिलो होतो. ती सामान घेऊन पुढं गेली होती. वॉचमननं तिलाच विचारून लिहिलं होतं. बाईनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

बायकोचं पूर्ण नाव. पुढं, काम: जादू. खाली तिची सही, गिरवल्यासारखी.

तिच्या खालच्या ओळीत माझं नाव. पुढं, काम: सोबत.

मी गेटवर बसून रडलो. कामगार बघत होते, बघू देत. बाईनं पाण्याची बाटली माझ्या बाजूला ठेवली आणि आत झेरॉक्स काढायला गेली. तीन प्रती काढल्या. दोन फाइलला. एक माझ्या हातात दिली. "ही तुमच्यासाठी. प्रत्येकी दोन रुपये, सहा झाले."

मॅनेजरनं दुसऱ्या वर्षीचं रजिस्टरही काढून दिलं. दोन्ही वर्षी तिचं नाव, तिची सही. वारस म्हणून माझं नाव लावून बाईनं बायकोचे दोन्ही रिटर्न नव्यानं भरले. निम्मी कमाई तिची, निम्मी माझी. व्यवसाय, कलाकार. खोटा आलेला पैसा व्याजासकट परत. तेवढ्यासाठी मी साउंड सिस्टिम विकली. पेटी विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याला बाईनंच, मला न विचारता, परत पाठवला. म्हणाली, "काका, माफ करा, ते मी तुमच्या वतीनं बोलले. नेहमी बोलत नाही."

काही दिवसांनी बायकोच्या मोबाईलवर मेसेज आला. स्वीकारलं. बाकी काही नाही. मी मोबाईल घेऊन धावत जिना चढलो. बाईनं मेसेज दोनदा वाचला, फाइल टेबलावर आपटली, पीठ उडालं, आणि आपली फी सांगितली. पूर्ण. एक रुपया कमी नाही. मी म्हटलं, "एवढं केलंत, पेढे तरी घ्या." म्हणाली, "पेढे चालतील. फीमध्ये धरणार नाही." तिनं दोन पेढे खाल्ले आणि तिसरा खाली गिरणीवाल्याला पाठवला.

त्यानंतर माझा साधा रिटर्न ती दरवर्षी भरायची. काम पंधरा मिनिटांचं, मी दोन तास बसायचो. ती हाकलायची नाही. उभ्या राहिलेल्या लोकांकडं बघत बसायचो, कोण किती वेळात कबूल होतंय. एकदा मला हळूच म्हणाली, "तो सोनार बघा. किती लागतील?" मी म्हटलं, वीस मिनिटं. बाविसाव्या मिनिटाला तो बसला. तिनं भुवया उडवल्या. तेवढंच.

यंदा गेलो तर माळ्याला कुलूप. गिरणीवाल्यानं पीठ भरायचं थांबवलं. म्हणाला, "तुम्हाला कळलं नाही? दीड महिना झाला." मूत्रपिंडाचं दुखणं होतं, दोन वर्षं. कुणाला पत्ता लागू दिला नाही. शनिवारी गावाला जाते म्हणून जायची ती बऱ्याच वेळा हॉस्पिटलात जायची. शेवटच्या महिन्यात एकेक फाइल बांधून, कुणाची कुणाकडं द्यायची ते लिहून, सगळी वाटणी करून गेली. माझी फाइल नेरूळच्या एका मुलीकडं दिली होती. वर चिठ्ठी, हिरव्या पेनानं: "बरी आहे. घाई करते. बसून राहा."

मी तिच्या गावाला गेलो. एसटीनं, मग रिक्षानं, मग खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून चालत. दारात एक म्हातारी सुकलेली कोलंबी निवडत बसली होती. डोळ्यांनी अधू, बोटांनीच चाचपत होती. आमच्या बाईची आई.

"कोन हाय?"

"मी शिरवण्याचा. बाईंकडं माझं काम असायचं."

"सगल्यांचाच असायचा." ती कोलंबी निवडतच राहिली. लोक येऊन जात असणार.

मला पुढं काय बोलावं कळेना. म्हटलं, "मी जादूवाला."

तिचे हात थांबले. मान माझ्या आवाजाकडं वळली. "पेटीवाली बाय? बारा तलवारी आन मंग तशीच भायेर येयाची, ती?"

बाई कुणाचा हिशेब कुणाला सांगायची नाही. आईला एवढं मात्र सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "ती वारली."

"म्हाईत हाय. माजे पोरीनी सांगतलेला. लय हुशार बाय व्हती, बोल्ली." म्हातारीनं सूप बाजूला सारलं. "मंग तू तिचा दादला?"

"हो. तिचाच."

तिनं आतल्या अंधाराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "अगो, भायेर ये. ते पेटीवाले बायचा दादला आलाय."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.